रस्त्यापुरता उजेड

२४ नोव्हेंबर, सोमवार

सायकलचा दिवा आज पुन्हा गेला! तोही पालघरहून येताना, मागे पेपरचे गठ्ठे लादलेले असताना. आधी पिवळा झाला, मग दोनदा लुकलुकला आणि संपला. काल दुपारपासून चार्जिंगला लावला होता. बाजारातला माणूस म्हणाला होता, तीन तास जळेल. पाऊण तासही जळत नाही.

पुढे सायकल हातात धरून चालत आले. शिरगावात शेवटचा पेपर टाकला तेव्हा सात वाजून गेले होते. तारापूरच्या कंपन्यांच्या बस साडेसहाला सुटतात. बसमध्ये वाचायला म्हणून पेपर घेणारी बारा घरं आहेत. बाराही घरांतले पुरुष निघून गेले होते. धर्माजी पाटलांच्या सुनेने पेपर हातातच घेतला नाही. "काकू, आता कशाला? त्यांनी मोबाईलवर वाचला असेल." रागावून नाही बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

एकतीस वर्षं ह्यांनी ही लाईन चालवली. तापात गेले, वादळात गेले. गेल्या वर्षी श्रावणात हे गेले आणि सगळे म्हणाले, लाईन देऊन टाक, शैला. नाही दिली. चौथी शिकलेली बाई मी. पुढचं जे काही वाचायला आलं ते ह्यांच्या उरलेल्या पेपरांतून. तीच एक गोष्ट आमच्या घरात कधी कमी पडली नाही.

सव्वा वर्षात पहिला उशीर. झोपते.

२५ नोव्हेंबर

तीनला निघाले, चालत. चालतच आले. पेपर वेळेत पडले. पाय माझे वाटत नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वैष्णवीचा फोन. धर्माजींची सून तिच्या वर्गातली, तिच्याकडून सगळं बोईसरला पोचतं. "आई, तू अंधारात चालत जातेस? कुत्री आहेत, मासळीचे टेम्पो आहेत!" मी म्हटलं, कुत्री मला ओळखतात. "टेम्पो ओळखतात का?"

मग जावयांनी फोन घेतला. शैलेशराव आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही. म्हणाले, "आई, चांगला दिवा घ्या. डिसेंबरभर बघू. काही झालं नाही तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण पडलात, लागलं, तर लाईन तात्यांना परत आणि तुम्ही इकडे." तात्या म्हणजे पालघरचे एजंट, स्टेशनबाहेर गठ्ठे सोडतात ते. लाईन त्यांचीच, आम्ही नुसती चालवतो.

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्याकडे दोन खोल्या. टीव्हीखाली माझी गादी पडेल, आणि मालिका संपेपर्यंत मला झोपता येणार नाही. मुलगी प्रेमाने ठेवील, त्याबद्दल शंका नाही. पण सकाळी चारला जाग आली की मी तिथे काय करू?

३० नोव्हेंबर, रविवार

बोईसरला जाऊन दिवा आणला. केतनचं सायकलचं दुकान, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कंपनीतली मुलं दुसऱ्या पाळीला जाता जाता हवा भरायला थांबलेली. मी दिवा मागितला तर सगळ्यांनाच सल्ला द्यायचा होता.

केतनने काचेवर तीन मांडले. एक लहान, अंगठ्याएवढा. एक रबराचा पट्टा असलेला. तिसरा ॲल्युमिनियमचा, हातात जड. खोक्यांवर आकडे – तीनशे, सहाशे, हजार ल्युमेन. मी विचारलं, ल्युमेन म्हणजे काय? "उजेड, मावशी." किती उजेड? "हजार म्हणजे हजार." बॅटरी किती वेळ? "खोक्यावर चार तास लिहिलंय. तुम्ही दोन धरा." हे त्याचं बोलणं मला आवडलं. पाणी पडलं तर? त्याने तिसरा दिवा सरळ पंक्चर बघायच्या घमेल्यात बुडवला! आत जळतच होता.

एक बिहारी मुलगा म्हणाला, "माताजी, बड़ावाला लो. पूरा रोड दिखेगा, सामनेवाला भी आँख बंद कर लेगा." सगळे हसले. मीही हसले आणि तोच मोठा घेतला.

घरी येऊन खोक्यातला कागद वाचला. मराठी नव्हतंच, हिंदी होतं आणि तेही कोणीतरी झोपेत लिहिलेलं. बटण एकदा दाबलं की पूर्ण, दोनदा अर्धा, तीनदा उघडझाप. अंगणात लावून बघितला. शेजारच्या वाडीतल्या पोफळी शेंड्यापर्यंत दिसल्या. वटवाघळं उडाली.

ह्यांच्या सायकलला डायनॅमो होता. जोरात मारलं तर उजेड, थांबलं की काळोख. चढावर तर नुसती तांबडी तार दिसायची. त्यावर एकतीस वर्षं.

१ डिसेंबर, सोमवार

काय दिवा आहे! खड्डे दिसले. खड्ड्यातलं पाणी दिसलं. मिठागराच्या बांधावरचा बगळा दिसला, तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच हँडल घट्ट न धरता आले. सहाला दहा कमी असताना पहिला पेपर टाकला.

येताना रस्त्याखालच्या मोरीच्या पुढे, वीटभट्टी आहे तिथे, रस्त्याच्या कडेला बायका उभ्या होत्या. चार-पाच. माझ्याकडे पाठ करून, ओळीत. कामावर न्यायला गाडी येत असेल.

२ डिसेंबर

आजही त्या उभ्या होत्या. मी मोठ्याने विचारलं, "गाडी नाही आली का गं अजून?" एक जण फिसकन हसली.

४ डिसेंबर, गुरुवार

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

आज दिवा पूर्ण लावून येत होते. मोरी ओलांडली आणि त्या एकेक करून उठल्या. उठताना दिसल्या, तेव्हा कळलं. लुगडं खाली ओढत उठल्या. एक म्हातारी होती तिला उठता येईना. तिने एक हात जमिनीला टेकला, जोर केला, जमलं नाही. मग पदर तोंडावर ओढून तशीच बसून राहिली. शेजारी पाण्याची बाटली. माझा उजेड सगळा तिच्यावर.

आणि मी परवा त्यांना विचारलं होतं, गाडी नाही आली का!

पेपर कसे टाकले आठवत नाही. दोन घरांत अदलाबदल झाली.

५ डिसेंबर

दिवसभर तेच डोक्यात.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची माणसं भट्टीवर येतात, पावसाआधी जातात. पत्र्याचा एक संडास आहे तिथे. त्याला दार नाही हे मी स्वतः बघितलंय. मागे खाडीचं, खाजणातलं पाणी, बाजूला तारेचं कुंपण. उरतो रस्ता.

आणि हे सगळं मला कळायला चार दिवस लागले! मला! केळव्याला माहेरी आम्ही कुठे जात होतो? पहाटे आई, दोन्ही काकू, मी. पहिली एसटी आली की सगळ्या उभ्या राहायच्या. आई म्हणायची, "तोंड फिरव. तोंड दिसलं नाही म्हणजे झालं." एसटी जाईपर्यंत उभं राहायचं, मग परत बसायचं. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा होता, दुपारी गावात भेटला की आईशी बोलायचा. दोघंही पहाटेचं कधी काही दाखवायचे नाहीत.

वैष्णवी दुसरीत असताना आमच्याकडे संडास झाला. तेव्हापासून विसरले. इतकं विसरता येतं.

ह्यांना माहीत असणार. रोज तिथूनच यायचे. डायनॅमोच्या त्या उजेडाला कोणी उठत नसेल. मला कधी बोलले नाहीत, आणि आता विचारता येत नाही. अशा विचारायच्या राहिलेल्या किती गोष्टी जमल्या आहेत.

६ डिसेंबर, शनिवार

मोरीपासून भट्टी संपेपर्यंत दिवा बंद करून आले. जेमतेम दोनशे पावलांचा तुकडा. श्वास धरून आले. आवाज ऐकू आले, कोणी उठलं नसावं.

असंच करायचं.

८ डिसेंबर, सोमवार

पडले.

९ डिसेंबर

डाव्या हाताने वही धरवत नाही, उशी ठेवून लिहिते आहे.

काल दिवा बंद केला आणि खड्ड्यात पुढचं चाक गेलं. मी एकीकडे, सायकल दुसरीकडे, गठ्ठे गटारात. मागून मासळीचा टेम्पो येत होता. त्याने भोंगा दाबला आणि वळवून घेतलं. एवढं जवळून गेला की बर्फाचं पाणी अंगावर उडालं.

त्याच धावत आल्या. तिघी-चौघी. एकीने मला काखेत हात घालून उठवलं, दुसऱ्या पेपर गोळा करायला लागल्या. मी सांगत होते, राहू दे गं, भिजलेत. ऐकेनात. वरचे भिजले होते, आतले कोरडे निघाले.

जिने उठवलं ती नवसी. माझ्या वैष्णवीएवढीच असेल. म्हणाली, "बाय, बत्ती कां विझवलीस?"

काय सांगायचं? म्हटलं, "तुमच्यासाठी."

ती बघतच राहिली. मग असली हसली! बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "आयकला का, आपल्यासाठी विझवली!" मग माझ्याकडे वळून, "आमच्यासाठी मरशील काय तू? आमी उभं राहतों, आमाला सवय हाय."

मी म्हटलं, "उभं राहावं लागतं म्हणूनच तर."

तेव्हा हसायची थांबली. म्हणाली, "मोटारसायकलवाली पोरं येतात ना, मुद्दाम हळू करतात. बत्ती तोंडावर मारतात. तुजी बत्ती तसलीच. आमाला काय ठावं मागं बाई हाय का बाप्या हाय?" म्हातारी – लाडकी तिचं नाव, नवसीची सासू – लांबून म्हणाली, "तिला सांग, बत्ती खाली बघायला लाव. रस्ता खाली हाय, वर नाय."

हे मला हजार ल्युमेनच्या कागदावर कोणी लिहिलं नव्हतं.

मनगट सुजलं आहे. वैष्णवीला फोनवर म्हटलं, सर्दी आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

दिवा खाली वळवला. तरी उजेड गोळ्यासारखा सगळीकडे पसरतो, कडेच्या गवतापर्यंत. अर्ध्यावर ठेवला तरी तेच, फक्त फिका. मग काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली. पालघर येईतो पट्टी वितळली! दिवा तापतो. वास सुटला, काच बरबटली. तात्या म्हणाले, "वहिनी, काय जाळताय?"

उघडझाप करून बघितली. त्याने तर जास्तच वाईट दिसतं, लग्नाची वरात आल्यासारखं.

१२ डिसेंबर

पंचायतीत गेले होते. ग्रामसेवकाला भट्टीवरच्या संडासाचं विचारलं. "काकू, ती तात्पुरती माणसं." मी म्हटलं, सहा महिने तात्पुरते असतात का? "तुम्हाला पेपर टाकताना त्रास देतात का?" उठून आले.

१४ डिसेंबर, रविवार

पुन्हा केतनच्या दुकानात. वैष्णवीच्या घरावरून गेले आणि वर नाही चढले. हात पदराखाली.

मी म्हटलं, हा परत घे, मला दुसरा दे. केतन म्हणाला, "कमी पडला उजेड?" जास्त झाला म्हटलं. त्याने हातातलं चाक खाली ठेवलं. "मावशी, सात वर्षं दुकान चालवतोय. जास्त झाला म्हणून आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

कारण सांगता येईना. दुकानात चार पुरुष. मी म्हटलं, मला माझ्या पुढचा रस्ता दिसला पाहिजे, बाजूचं कोणी दिसता कामा नये. समोरच्याच्या तोंडावर अजिबात नको. केतन म्हणाला, "कुत्री अंगावर येतात का उजेडाला?" मी हो म्हटलं. देव माफ करो. तिथला एक जण लगेच सांगायला लागला, त्याच्या पाळीच्या वाटेवरची कुत्री कशी आहेत, आणि दहा मिनिटं कुत्र्यांवरच गेली.

शेवटी केतनने माळ्यावरून एक खोकं काढलं, धुळीने भरलेलं. "हा पडून आहे. कोणी घेत नाही. उजेड वरून कापलेला असतो याचा, मोटारीच्या दिव्यासारखा. भिंतीवर बघा." दुकानाचं शटर अर्धं ओढून दाखवलं. खरंच! भिंतीवर सरळ रेघ. रेघेच्या खाली उजेड, वर काळोख. पसारा कमी, पण खाली जिथे पडतो तिथे दाणा दिसेल. चार्जिंग तसंच. पहिल्या दिव्याची काच बरबटलेली बघून त्याने नाक मुरडलं, पण बदलून दिला.

"कापलेल्याला काय मागणी नाही, मावशी. लोकांना वाटतं पैसे देऊन अर्धाच दिवा मिळाला."

१५ डिसेंबर, सोमवार

जमलं. मोरीच्या अलीकडे थांबून दिवा आणखी दोन बोटं खाली केला. माझ्या चाकापुढे आठ-दहा पावलं, सतरंजीसारखा उजेड. कडेला काही दिसलं नाही. पण त्या उठल्या. सावल्या हलल्या, बांगड्या वाजल्या. त्यांना काय ठाऊक, दिवा बदलला म्हणून.

बोलावं असं वाटलं. पण अशा वेळी काय बोलायचं? तशीच पुढे आले.

१६ डिसेंबर

आजही उठल्या.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज तात्यांकडून कळलं. पुरवण्या भरता भरता म्हणाले, "वहिनी, जावयांचा फोन होता. एक तारखेपासून लाईन दुसऱ्याला द्या म्हणाले. माझ्याकडे मोटारसायकलवाला आहे एक. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी देणार नाही. आत्माराम लाईन चालवायचा तेव्हा त्याचा शब्द कधी दुसऱ्याने आणला नव्हता."

तर बोईसरला पोचलं. धर्माजींच्या सुनेने माझ्या मनगटावर बांधलेली पट्टी बघितली, चिखलाचे पेपरही बघितले.

दुपारी वैष्णवीला फोन केला. ती आधी ओरडली, मग रडली. "बाबा गेले, आता तू पण रस्त्यावर पडून जा!" मी तिला सगळं सांगितलं, भट्टीचं, उभं राहायचं. मग म्हणाली, "म्हणजे त्या बायकांसाठी हात मोडून घेतलास? त्या तुझ्या कोण लागतात?"

खरंच कोण लागतात?

"तुम्ही शैलेशला हो म्हटलं होतंस, आई." एकदम तुम्ही आणि तू एकत्र. लहानपणीही चिडली की असंच बोलायची. हो म्हटलं होतं, हे खरं आहे. पडले, हेही खरं.

२० डिसेंबर

थंडी. मनगट पहाटे जास्त ठणकतं. ब्रेक दाबताना डोळ्यांत पाणी येतं.

२१ डिसेंबर, रविवार

पुरवण्या जाड, गठ्ठा जड. घरी येऊन उंबऱ्यावरच बसले. उठून चहा करायला अर्धा तास लागला.

विचार केला. शैलेशराव वाईट बोलत नाहीत. पेपर दर महिन्याला एक-दोन घरं कमी होतच आहेत. नवा दिवा चांगला आहे, रस्ता दिसतो, पण त्या अजून उठतात. रोज माझ्यामुळे उठतात. मोटारसायकलवाला आला तरी उठतील, मी राहिले तरी उठतील. मग माझ्या पेपर टाकायला जाण्याने कोणाचं काय वाढतं? ह्यांचं नाव राहतं म्हणावं तर पेपरवर कोणाचं नाव राहतं, दुसऱ्या दिवशी त्यात मासळी बांधतात.

थकले आहे. हे लिहायला लाज वाटत नाही.

दोन दिवसांत तात्यांना सांगून टाकते. एक तारखेपासून दुसऱ्याला द्या म्हणून. वैष्णवीला फोन केला नाही, सांगितल्यावर करीन.

२२ डिसेंबर

तात्यांभोवती गर्दी होती. उद्या सांगते.

२३ डिसेंबर, मंगळवार

तात्या आज आले नव्हते, पुतण्या होता. त्याला काय सांगायचं? पेपर लावले आणि निघाले.

भट्टीपाशी बांगड्या वाजल्या, कोणीतरी उठायला लागली. तेवढ्यात काळोखातून लाडकी म्हातारीचा आवाज आला, "बस, बस गं! बत्ती खाली बघते, आपली पेपरवाली हाय ती."

एकही उठली नाही.

तात्यांना काही सांगायचं नाही.